विमानाची ओळख आणि पाठचिकित्सेचा न्याय

जुन्या व दुर्मिळ विमानांची ओळख पटवून त्यांचा पूर्वेतिहास शोधण्याचा उद्योग गेल्या काही दशकांत हौसेच्या पायरीवरून अभ्यासाच्या पायरीवर आला आहे. कारखान्यांच्या नोंदवह्या, हवाई दलांची नोंदपत्रे, छायाचित्रे आणि सांगाड्यावरील प्रत्यक्ष खुणा ह्यांचा मेळ घालून एखाद्या विमानाचा साद्यंत वृत्तान्त सिद्ध करणे, हे ह्या अभ्यासाचे प्रयोजन होय. त्याचे पोथ्यांच्या पाठचिकित्सेशी असलेले साधर्म्य उघड आहे. परंतु पाठचिकित्सेने जो विवेक दीर्घ अनुभवाने मिळविला, तो ह्या नव्या अभ्यासात पुरतेपणी उतरलेला दिसत नाही. मुळाच्या शोधात उत्तरकालीन संस्कारांना केवळ मळ समजून पुसून टाकण्याची वृत्ती त्यात प्रबळ आहे. ह्या वृत्तीचे परीक्षण करण्यास भारतीय हवाई दलातील लिबरेटर विमानांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

बी-२४ लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातील चार एंजिनांचे अमेरिकन बाँबफेकी विमान. पाच कारखान्यांत मिळून त्याच्या १८ हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. युद्ध संपताच त्यांतील बहुतेक मोडीत निघाल्या. ब्रिटिश हवाई दलाला ही विमाने लेंड-लीज कराराखाली, म्हणजे उसनवारीच्या बोलीवर मिळाली होती. युद्धसमाप्तीनंतर हिंदुस्थानातील अशी अनेक विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर आणून ती पुन्हा उडू नयेत इतपत जाणूनबुजून निकामी करण्यात आली. १९४८ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट ह्या कारखान्याने ह्या भंगारातून उड्डाणक्षम विमाने उभी करण्याचे काम हाती घेतले. कानपुरास जेमतेम डागडुजी झालेली विमाने जमशेद मुन्शी ह्या वैमानिकाने एकामागून एक बंगलोरला उडवीत नेली. तेथे पूर्ण दुरुस्त झालेली ही विमाने भारतीय हवाई दलात दाखल झाली. १९५१ मध्ये पुणे येथे पुन्हा उभारलेल्या सहाव्या स्क्वॉड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली, आणि १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. तोवर इतर देशांतील लिबरेटर जवळजवळ नामशेष झाली होती. त्यामुळे जगातील संग्रहालयांची दृष्टी भारताकडे वळली. आज अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथे जतन केलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी कित्येक भारतातून गेलेली आहेत.

ह्यांतील एका विमानाची नामावली पाहण्यासारखी आहे. अमेरिकन हवाई दलाच्या वहीत ते ४४-४४०५२, ब्रिटिश वहीत केएच १९१ आणि भारतीय वहीत एचई ७७१ आहे. हे तीन क्रमांक म्हणजे तीन भिन्न व्याकरणे होत. अमेरिकन क्रमांकातील पहिले दोन अंक ज्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीतून विमान घेतले ते वर्ष दाखवितात. ते निर्मितीचेच वर्ष असेल असे नाही. उपप्रकाराच्या नावाअखेरीस येणारी 'सीएफ' ही अक्षरे फोर्ट वर्थ येथील कन्सॉलिडेटेड कंपनीच्या कारखान्याची. ब्रिटिश क्रमांकांत दोन अक्षरे व तीन अंक असतात. शत्रूला एकूण संख्येचा अंदाज येऊ नये म्हणून ह्या क्रमांकमालेत मुद्दाम खंड ठेवलेले असत. म्हणून त्या मालेतील दोन क्रमांकांच्या वजाबाकीने विमानांची संख्या काढू पाहणारा फसतो. भारतीय क्रमांकातील 'एचई' ही आद्याक्षरे लिबरेटरांना दिलेली. त्यांवरून विमानाचा प्रकार कळतो, पण त्याचे जन्मस्थान कळत नाही. अशा खुणांचा अर्थ ज्या त्या व्यवस्थेच्या आतूनच लावावा लागतो, हा भाषाभ्यासातील प्राथमिक नियम येथेही जसाच्या तसा लागू पडतो. ह्या वाचनात दुर्मिळ विमानांच्या अभ्यासकांनी मिळविलेले नैपुण्य निःसंशय प्रशंसनीय आहे.

अडचण पुढची आहे. चकेरीच्या भंगारातून विमाने उभी करताना एकाचे अवयव दुसऱ्याला बसविणे अपरिहार्य होते. पोथ्यांच्या परिभाषेत बोलायचे तर हा पाठसंकर होय. एका प्रतीचा लेखक जेव्हा अनेक प्रती समोर ठेवून लिहितो, तेव्हा त्या प्रतीचा वंशवृक्ष सरळ राहत नाही. अशा विमानाच्या बाबतीत कारखान्याच्या पट्टीवरील क्रमांक हीच त्याची खरी ओळख, असे म्हणणे म्हणजे पोथीच्या पुष्पिकेवरून साऱ्या पोथीचा निर्णय करण्यासारखे आहे. पट्टी एका अवयवावर असते, आणि तो अवयवही बदलता येतो. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे, जूही नव्हे. ह्या सर्वांच्या आश्रयाने 'रथ' हा व्यवहार चालतो, असे त्या संवादाचे तात्पर्य आहे. विमानाची ओळखही अशीच धातूत नसून अखंड व्यवहारात असते. ते कोणी उडविले, कोणत्या वहीत नोंदविले, कोणत्या कामास लावले, ह्या सातत्यातून ती सिद्ध होते.

हा निकष लावला म्हणजे प्रचलित जतनपद्धतीतील विसंगती स्पष्ट होते. ४४-४४०५२ हे विमान १९८१ मध्ये इंग्लंडमधील एका संग्राहकाने विकत घेतले आणि १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात गेले तेव्हा त्याच्यावर 'ऑल अमेरिकन' हे नाव होते. १९९८ मध्ये 'ड्रॅगन अँड हिज टेल' आणि २००५ मध्ये 'विचक्राफ्ट' हे नाव आले. ही तिन्ही नावे युद्धकाळातील अन्य अमेरिकन विमानांची. ज्या विमानाने ब्रिटिश हवाई दलात युद्धकाळ घालविला आणि नंतर सुमारे दोन दशके भारतात सेवा केली, त्याच्या अंगावर ह्या दोन्ही काळांची खूण राहिली नाही. लंडन येथील रॉयल एअर फोर्स म्युझियममधील केएन ७५१ ची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. भारतीय हवाई दलाने १९७४ मध्ये भेट दिलेले हे विमान आपल्याच खऱ्या ब्रिटिश क्रमांकाने मांडलेले आहे. तेथे उसने नाव नाही. तथापि त्या क्रमांकाखालील युद्धसेवा १९४५ मधील काही महिन्यांची, तर एचई ८०७ ह्या क्रमांकाखालील सेवा त्याच्या कितीतरी पट. आयुष्याच्या प्रास्ताविकाला ग्रंथ मानून ग्रंथाला परिशिष्ट ठरविण्याचाच हा प्रकार आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, रंग व नाव ही स्मारके आहेत. त्या नावांच्या विमानांतून लढलेल्यांना व त्यांच्या वारसांना ते नाव पुन्हा आकाशात पाहायला मिळावे, ह्यात गैर काय? ह्या भावनेचा मान राखलाच पाहिजे, आणि ह्या संस्था विमानाचा पूर्वेतिहास लपवितात असेही नाही. पण स्मारक आणि साधन ह्यांतील भेद प्रेक्षकाच्या मनात टिकत नाही. रंगविलेले नाव दुरून वाचता येते, पट्टीवरील क्रमांक वाकून पाहिल्यावाचून दिसत नाही. जे नाव मोठ्या अक्षरांत असते तेच पुढे इतिहास म्हणून सांगितले जाते.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला ह्या प्रश्नाचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीचा पाठ शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केला. मूळ पाठाचा कोणताही शोध त्या संस्काराला ओलांडून जाऊ शकत नाही. आणि तो संस्कार हा ग्रंथाच्या चरित्राचाच भाग आहे. लिबरेटरांच्या बाबतीत हे नाते अधिकच घट्ट आहे. बंगलोरचे कारागीर नसते तर आज 'मूळ' म्हणून दाखविण्यास ही विमाने उरलीच नसती. दुसरे उदाहरण महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत हे कार्य १९६६ पर्यंत चालू होते, म्हणजे पुण्यात उभारलेले लिबरेटरांचे स्क्वॉड्रन अद्याप ती विमाने उडवीत होते. विष्णू सीताराम सुकथनकर ह्यांनी घालून दिलेल्या पद्धतीत प्राचीनतम साध्य पाठ वर छापला जातो, परंतु वगळलेला एकही महत्त्वाचा श्लोक फेकून दिला जात नाही. तो तळटीपेत अथवा परिशिष्टात, आपल्या पोथ्यांच्या निर्देशासह उभा असतो. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर तो तपासण्याचे साधन त्याच पानावर वाचकाच्या हाती राहते.

दुर्मिळ विमानांच्या अभ्यासाने ह्या पद्धतीतील नेमका हा अर्धा भाग घेतलेला नाही. सर्व क्रमांक, सर्व सेवा, बदललेल्या अवयवांची ज्ञात नोंद आणि दिलेला रंग कोणाचा ह्याचा खुलासा, एवढे विमानाजवळ एका फलकावर मांडणे मुळीच कठीण नाही. नवी दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एचई ९२४ हे लिबरेटर आपल्या भारतीय क्रमांकानिशी उभे आहे. त्याच्या अमेरिकन व ब्रिटिश पूर्वायुष्याची नोंद त्या क्रमांकाशेजारी असणे जितके आवश्यक, तितकेच एचई ७७१ व एचई ८०७ हे क्रमांक परदेशांतील त्यांच्या विमानांशेजारी ठळक असणे आवश्यक आहे. संपादकाला एक पाठ निवडण्याचा अधिकार असतो. उरलेले पाठ पुसण्याचा नसतो.