काचेचे घर आणि विटांचे घर

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू केनन गावी, फिलिप जॉन्सन या वास्तुकाराने १९४९ साली स्वतःसाठी दोन घरे बांधली. जगाला ठाऊक झाले ते एकच, चारही बाजूंनी काच असलेले ‘ग्लास हाउस’. हिरवळीपलीकडे विटांचे दुसरे घर उभे आहे. त्याच्या दर्शनी भिंतीला एकही खिडकी नाही; आहेत त्या गोल खिडक्या मागच्या अंगाला. काचेच्या घराला ऊब पुरवणारी यंत्रेही याच घरात आहेत आणि त्यांचे नळ जमिनीखालून पलीकडे जातात. जॉन्सन समलिंगी होते. १९५३ मध्ये त्यांनी विटांच्या घरातली शयनखोली कमानी आणि भारी कापडाने नव्याने सजवली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने समलिंगी लोकांना सरकारी नोकरीतून काढण्याचा मार्ग मोकळा झाला, तोही याच वर्षी. अशा देशात काचेत राहायचे, तर हाकेच्या अंतरावर विटांची आडोशाची जागा लागणारच.

गेली दोन-तीन दशके अनेक कलावंत आधुनिकतावादी वास्तूंकडे या नजरेने पाहू लागले आहेत. पांढऱ्या भिंती, मोकळे आराखडे, लपवण्यासारखे काहीच नाही असा बाणा: या सगळ्यात कोणाचे जगणे मावले आणि कोणाचे बाहेर राहिले, हा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न मोलाचा आहे. उत्तरे मात्र सारख्या ताकदीची नाहीत. घराचा मालक कोण होता, त्याचे प्रेम कोणावर होते, एवढे सांगून थांबणारे काम मला अपुरे वाटते. कलावंताने आराखड्यालाच हात घालायला हवा. दार कुठे आहे, बिछाना कुठे आहे, कोण कोणाला पाहू शकतो आणि कोणाला पाहू देत नाही, इथपर्यंत जायला हवे.

म्हणूनच ग्लास हाउसमधले मला सर्वांत नेमके वाटणारे काम अशा कलावंताचे आहे, जिच्या कलेची चर्चा क्वीअर (समलिंगी आणि रूढ साच्याबाहेरच्या) ओळखीच्या अंगाने सहसा होत नाही. जपानच्या फुजिको नाकाया १९७० च्या ओसाका प्रदर्शनापासून धुक्याची शिल्पे करत आल्या. २०१४ मध्ये त्यांनी ‘व्हेल’ (Veil, म्हणजे पडदा) या कामात या घराभोवती धुके सोडले. दर तासाला काही मिनिटे घर दिसेनासे होई. आत उभ्या माणसाला बाहेरची झाडी दिसत नसे आणि बाहेरच्याला आतला माणूस दिसत नसे. जॉन्सननी जे काम विटांवर सोपवले होते, ते नाकायांनी हवेतल्या पाण्याच्या थेंबांकडून करून घेतले. कोणाच्या चरित्राचा आधार न घेता त्यांनी काचेचा दावा तपासून पाहिला.

ब्रेनन जेरार्ड आणि रायन केली या कलावंत जोडीचे ‘मॉडर्न लिव्हिंग’ (२०१६) हे नृत्य वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नापाशी पोहोचते. त्यांचे नर्तक आधी वेस्ट हॉलिवूडमधल्या शिंडलर हाउसमध्ये वावरले आणि मग ग्लास हाउसमध्ये. हा क्रम विचारपूर्वक निवडलेला आहे. रुडॉल्फ शिंडलर यांनी १९२२ मध्ये ते घर दोन जोडप्यांसाठी बांधले होते. त्यात रूढ अर्थाची शयनगृहे नव्हती. निजायची सोय छतावर, उघड्यावर होती. नवरा-बायको-मुले हा साचा मोडणारी घरे कोणी आखली होती, याची आठवण हे नर्तक अंगाने करून देतात. शिंडलरच्या घरात हा विचार मला पूर्ण पटतो. ग्लास हाउसमध्ये मात्र देह सुंदर दिसतात आणि वास्तूही सुंदर दिसते, आणि त्या सौंदर्यात एक गोष्ट सुटून जाते.

ती गोष्ट म्हणजे जॉन्सन यांचे १९३० च्या दशकातले नाझीप्रेम. १९३९ मध्ये जर्मन प्रचारखात्याच्या आमंत्रणावरून ते जर्मन फौजांच्या मागोमाग पोलंडला गेले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०२१ साली कृष्णवर्णीय वास्तुकार आणि कलावंतांच्या एका गटाने दालनावरचे जॉन्सन यांचे नाव प्रदर्शनाच्या काळापुरते कापडाने झाकले. क्वीअर इतिहासात जॉन्सनना मानाने बसवताना हे कापड दृष्टीआड करता येणार नाही. जाच सोसलेला माणूस दुसऱ्याच्या जाचकाच्या बाजूने उभा राहू शकतो. ही अडचणीची गोष्ट कलेने अंगावर घ्यायला हवी. वारसावास्तूंचे विश्वस्त नृत्याचा कार्यक्रम करायला आनंदाने तयार होतात. हा इतिहास मांडू द्यायला ते तितकेच राजी आहेत का?

फ्रान्सच्या रोकब्रून-काप-मार्तँमध्ये इतिहासाची अशीच एक अडचण भिंतीवरच आहे. आयरिश कलावंत आयलीन ग्रे यांनी जाँ बादोविची यांच्यासाठी आणि त्यांच्या साथीने १९२६ ते १९२९ मध्ये ‘ई-१०२७’ हे घर उभारले. ग्रे यांचे प्रेम पुरुषांवर होते, तसेच स्त्रियांवरही. गायिका दामिया त्यांच्या जवळची. आत शिरताच सगळे घर दिसू नये अशी प्रवेशाची रचना आहे आणि दाराशी ‘सावकाश आत या’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९३८-३९ मध्ये ग्रे यांना न विचारता इथल्या कोऱ्या भिंतींवर मोठी चित्रे रंगवली, तीही विवस्त्र होऊन. वास्तुइतिहासकार बिआट्रिझ कोलोमिना यांनी या कृत्यातला आक्रमकपणा उलगडून दाखवला, तेव्हापासून हे घर कलावंतांना खुणावते आहे. जेरार्ड-केली यांनीही अलीकडे तिथे चित्रपट केला. घराचा जीर्णोद्धार झाला, पण भिंतीवरची चित्रे राखली गेली, कारण तीही आता वारसाच ठरली आहेत.

मायकेल एल्मग्रीन आणि इंगार ड्रागसेट या कलावंत जोडीचे व्हेनिस बिएनालेमधले ‘द कलेक्टर्स’ (२००९) गाजले. वास्तुकार स्वेर्रे फेन यांच्या नॉर्डिक दालनात त्यांनी एका श्रीमंत समलिंगी संग्राहकाचे घर मांडले; बाहेर तलावात त्याचे प्रेत पालथे तरंगत होते. पण बर्लिनमधले त्यांचे २००८ चे स्मारक मला कितीतरी मोठे वाटते. नाझी राजवटीत छळलेल्या समलिंगी लोकांसाठी काँक्रीटचा एक कललेला ठोकळा आणि त्याला एक लहान खिडकी. खिडकीला डोळा लावला की आत चुंबन घेणाऱ्या जोडप्याची चित्रफीत दिसते. पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, हिटलरने कडक केलेले कलम १७५ पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत तसेच लागू होते आणि पूर्णपणे रद्द झाले ते १९९४ मध्ये. पाहणाऱ्याला स्मारकाच्या खिडकीशी पाळत ठेवणाऱ्याच्या जागी उभे राहावे लागते. पहिल्या चित्रफितीत फक्त पुरुष होते, यावर स्त्रियांनी आक्षेप घेतला. तो रास्त होता आणि पुढे चित्रफिती बदलत गेल्या.

या साऱ्या कलेची खरी उणीव वर्गाची आहे. निवडलेली घरे बहुतेक पैसेवाल्यांची असतात. कलावंत टॉम बर यांनी हे बरेच आधी ओळखले. १९९३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ‘रॅम्बल’ या झाडीचा तुकडा नेदरलँड्समध्ये उभा केला. ज्यांना खोली नव्हती, ते पुरुष एकमेकांना त्या मूळ झाडीत भेटत. २०१७ मध्ये बर यांनी न्यू हेवनमधल्या मार्सेल ब्रॉयर यांनी आखलेल्या, ओस पडलेल्या कचेरीच्या इमारतीत काम मांडले. त्या इमारतीचा एक भाग शेजारच्या दुकानाच्या वाहनतळासाठी आधीच पाडला होता.

आपल्याकडे तर प्रश्न काचेचा नाहीच, खोली मिळण्याचा आहे. मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) या चित्रात एक नग्न माणूस सज्जात उभा राहून गावाकडे पाहतो. बघण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला आहे. या नजरेने आपल्या आधुनिक वसाहती अजून तपासायच्या आहेत. चार्ल्स कोरिया यांच्या बेलापूरच्या वसाहतीत साधारण सात घरांमध्ये एक सामाईक अंगण आहे, आणि भिंती सामाईक नसल्याने प्रत्येकाला आपले घर वाढवता येते. वाढत जाणारे कुटुंब गृहीत धरून हा आराखडा केला आहे. त्या अंगणात दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा संसार कसा मांडला जाईल, शेजारच्या सहा दारांतून तो कसा पाहिला जाईल, हे मांडणारी कलाकृती मला पाहायची आहे.