संगणनाची अमूर्त प्रतिमाने : तुल्यता आणि तिच्या मर्यादा

संगणन म्हणजे काय, या प्रश्नाची दोन अत्यंत भिन्न उत्तरे १९३६ मध्ये पुढे आली. अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा कलनाचा, तर ॲलन ट्यूरिंग यांनी फितीवर चिन्हे लिहिणाऱ्या काल्पनिक यंत्राचा आधार घेतला. दोन्ही व्याख्या तुल्य असल्याचे ट्यूरिंग यांनी आपल्या शोधनिबंधाच्या परिशिष्टात दाखवले. अध्यापनात हा विषय बहुधा येथेच थांबतो आणि ‘सर्व प्रतिमाने समान’ हा निष्कर्ष विद्यार्थ्याच्या हाती राहतो. हा निष्कर्ष तपासून घेणे आवश्यक आहे.

ही तुल्यता ‘काय’ गणनीय आहे एवढेच सांगते. ‘किती श्रमात’ याविषयी ती मौन बाळगते. ‘चिमा काय कामाची’ यासारखी अक्षरमाला उलटसुलट सारखीच आहे का, हे ठरवण्यास दोन फितींच्या यंत्राला लांबीच्या प्रमाणात पायऱ्या लागतात. एका फितीच्या यंत्राला लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले दोन गणकांचे यंत्र तर याहून बोलके आहे. ते ट्यूरिंग यंत्राची बरोबरी करते; परंतु आदान विशिष्ट संकेतात दिले तरच, आणि तेही घातांकी विलंबाने. म्हणजे तुल्यतेचा काही भाग यंत्रात नसून संकेतनात दडलेला असतो.

उलट बाजूचा दोषही तितकाच गंभीर आहे. प्रत्येक गुणाकार एकच पायरी मानणाऱ्या प्रतिमानात २ या संख्येचा ३० वेळा वर्ग केल्यास द्विमान पद्धतीत सुमारे १०७ कोटी अंकांची संख्या तयार होते. तीस पायऱ्यांचा हा हिशेब प्रत्यक्ष श्रम लपवतो.

यावर स्लॉट व व्हॅन एम्डे बोआस यांनी १९८४ मध्ये सुचवलेला निकष समर्पक वाटतो : वाजवी प्रतिमानांनी परस्परांचे अनुकरण बहुपदी कालवाढीत आणि जागेच्या स्थिर पटीत करावे. लॅम्डा कलनातील पायऱ्यांची संख्या हे काळाचे वाजवी माप ठरते, हे अकातोली व दाल लागो यांनी २०१४ मध्ये सिद्ध केले. १९३६ च्या तुल्यतेनंतर या उत्तरास जवळजवळ आठ दशके लागली, यावरूनच दोन प्रश्नांतील अंतर स्पष्ट होते.

सारांश, प्रतिमानांची तुलना तुल्यतेच्या सिद्धतेने संपत नाही. तेथून ती सुरू होते. कोणत्या संकेतनात आणि कोणत्या मूल्यमापनाने, हे न सांगता केलेले समानतेचे विधान अपुरेच राहते.