धूसर चित्रास साज

निघोजच्या कुकडीकांठीं, रांजणखळग्यांपाशीं चित्रित केलेला एक लघुपट नुकताच पारनेरास आमच्या पाहण्यांत आला. त्यांत एक वृद्धा जात्यावरच्या ओव्या म्हणत बसली आहे. ध्वनि उत्तम; पण कॅमेऱ्याचा फोकस तिच्या मुखावर न बसतां पाठीमागच्या काळ्या पाषाणावर बसला. खळग्याची कड न् कड रेखीव, आणि गाणारी मात्र धुक्यांत! ती बाई आतां हयात नाहीं. संकलकानें या दोषावर घातलेलें पांघरूण हाच आमच्या टीकेचा विषय होय. मूळ चित्रणही त्यानें आम्हांस मोकळेपणीं दाखविलें.

फोकस सुटलेलें चित्र हवें तेव्हां स्पष्ट करतां येतें, हा भ्रम प्रथम सोडला पाहिजे. भिंगानें बिंदूची चकती केली, कीं शेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळतात व बारीक तपशील पुसला जातो. 'शार्पन' केल्यानें कडांचा उजेड-अंधार तेवढा वाढतो. म्हणून जाणता संकलक दुरुस्ती न करतां वेषांतर करितो. ३८४० बाय २१६० बिंदूंचें चित्र १९२० बाय १०८० वर उतरविलें, कीं चार बिंदूंचा एक होतो आणि थोडकी धूसरता लपते. वर फिल्मसारखे कण पसरले, कीं त्या कणांची धार डोळा चित्राची धार समजतो. येथें हें सारें आहे. शिवाय पाषाणही मुद्दाम मंद केला आहे, म्हणजे तुलनेस कांहीं उरूंच नये. ही युक्ति आम्हांस सर्वांत चतुर वाटली.

धूसरता हा स्वतः दोष नव्हे. 'डीकन्स्ट्रक्टिंग हॅरी' (१९९७) या चित्रपटांत तर एक नटच फोकसबाहेर जातो, आणि तो विनोद प्रेक्षकास पुरता कळतो.

येथवर आम्ही संकलकाच्या बाजूचे. परंतु दोन ठिकाणीं त्यानें कृत्रिम बुद्धीच्या साधनानें मुखास नवी स्पष्टता दिली आहे. हें साधन हरवलेलें शोधून आणीत नाहीं. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकून पापण्या, सुरकुत्या, दांत अंदाजानें भरतें. कथापटांत तें चालेल. पण येथें नातवंडांस परक्या सुरकुत्या आजीच्या म्हणून दाखवाव्या काय? आमच्या धंद्यांतही हें घडतें: न लागलेल्या ओवींत संपादक पदरचा शब्द घालतो, आणि पुढच्या पिढीस तोच मूळ पाठ वाटतो. मात्र छापील पाठांत असा शब्द कंसांत घालण्याची निदान रीत तरी आहे.

तीं दोन दृश्यें काढून मूळ तुकडे परत बसवावे. आणखी एक. मूळ चित्रणांत बाईचा एक हात मागच्या पाषाणावर टेकलेला असून बोटें ओवीचा ठेका धरीत आहेत. तो हात पूर्ण स्पष्ट उतरला होता. पाषाणाबरोबर संकलकानें तोही मंद करून टाकला.