संस्कृतिभेदाचे कथानक : मोटारकारखान्यावरील दोन चित्रकृतींचा विचार

एका देशातील भांडवल दुसऱ्या देशातील मजुरांना कामाला लावते, तेव्हा कारखान्यात जे खटके उडतात त्यांना ‘संस्कृतिभेद’ असे नाव देण्याचा प्रघात गेल्या काही दशकांत पडला आहे. मोटारधंद्यात तर हा शब्द विशेषच रूढ झालेला दिसतो. जपानी व्यवस्थापक मौन पाळतो, अमेरिकन मजूर मोठ्याने बोलतो. एकाला समूह प्रिय, दुसऱ्याला व्यक्तिस्वातंत्र्य प्रिय. सबब दोघांचे पटत नाही, अशी ही उपपत्ती आहे. व्यवस्थापनशास्त्रावरील ग्रंथांतून ती मांडली जाते आणि चित्रपटांतून ती रंगविली जाते. प्रस्तुत लेखात अशा दोन चित्रकृतींचा विचार करावयाचा आहे. रॉन हॉवर्ड यांचा ‘गंग हो’ (१९८६) हा विनोदी बोलपट आणि स्टीव्हन बॉग्नार व जूलिया राइकर्ट यांचा ‘अमेरिकन फॅक्टरी’ (२०१९) हा अनुबोधपट, या त्या दोन कृती होत. संस्कृतिभेदाची उपपत्ती कोठवर टिकते आणि कोठे अपुरी पडते, हे त्यांच्या तुलनेतून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन्ही कृतींचा प्रारंभ एकाच प्रसंगाने होतो. मोटारींचा कारखाना बंद पडला आहे. गावावर अवकळा आली आहे. आणि परदेशी मालकाने येऊन कारखान्याची दारे पुन्हा उघडावीत, अशी आस गावकऱ्यांना लागली आहे. ‘गंग हो’मधील हेडलीव्हिल हे पेन्सिल्व्हेनियातील काल्पनिक गाव आहे आणि तेथे येणारी ‘असान मोटर्स’ ही जपानी कंपनीही काल्पनिक आहे. ‘अमेरिकन फॅक्टरी’तील मोरेन हे ओहायो राज्यातील खरेखुरे गाव. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ च्या डिसेंबरात बंद झाला. तीच वास्तू पुढे २०१४ मध्ये मोटारींच्या काचा बनविणाऱ्या फूयाव या चिनी कंपनीने विकत घेतली. प्रसंग एक असला तरी दोन्ही कृती त्यापासून निराळ्या दिशांना जातात, आणि ही फारकतच अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

‘गंग हो’चा नायक हंट स्टीव्हनसन हा गावाचा प्रतिनिधी म्हणून टोकियोस जातो आणि कंपनीला आपल्या गावी येण्याची गळ घालतो. कंपनी येते, परंतु आपल्या अटी घेऊन येते. वेतन पूर्वीपेक्षा कमी, मजूरसंघाला मज्जाव, प्रत्येकाने प्रत्येक काम शिकावयाचे, आणि दर्जाविषयीच्या अपेक्षा अत्यंत कडक. याच्या जोडीला सकाळची सामुदायिक कवायतही आहे. या यादीत दोन भिन्न जातींच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, इकडे लक्ष वेधावेसे वाटते. कवायत ही रीतीची बाब आहे. वेतन आणि मजूरसंघ या हक्काच्या बाबी आहेत. बोलपट मात्र या दोहोंना एकाच पिशवीत घालतो आणि त्या पिशवीवर ‘जपानी स्वभाव’ अशी चिठ्ठी चिकटवितो. परिणामी वेतनाविषयीची तक्रार आणि कवायतीविषयीची कुरकुर प्रेक्षकास सारख्याच तोलाची वाटू लागते, आणि दोन्ही सारख्याच हसण्यावारी नेल्या जातात.

बोलपटाची अखेर या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. एका महिन्यात पंधरा हजार मोटारी बनविल्यास वेतनवाढ मिळेल आणि उरलेल्या बेकारांनाही काम मिळेल, असा करार होतो. हंट हा कराराविषयी मजुरांशी खोटे बोलतो. ते उघडकीस येते. कारखाना बंद होण्याची वेळ येते. तेव्हा हंट आणि जपानी व्यवस्थापक काझुहिरो हे दोघेच कामाला लागतात व त्यांना पाहून सारे मजूर परततात. संख्या थोडक्यात हुकते, शेवटची मोटार तर जागच्या जागी खिळखिळी होऊन पडते. तथापि कंपनीचा प्रमुख साकामोतो त्यांच्या एकजुटीवर प्रसन्न होऊन संख्या पुरी झाली असे मानतो. सुखात्मिकेच्या जुन्या रचनेतील कठोर पिता अखेरच्या प्रवेशात विरघळतो आणि सर्वांस क्षमा करतो, तसाच हा प्रकार आहे. रचनेच्या दृष्टीने तो निर्दोष असेलही. परंतु जी वेतनवाढ करारातून मिळावयाची, ती येथे वरदान म्हणून मिळते. आणि मजूरसंघाचा प्रश्न पूर्वार्धात उपस्थित झाला होता याचे स्मरणही उत्तरार्धास राहत नाही. दोन पुरुषांची मैत्री जमली की दोन राष्ट्रांचे जमले, आणि दोन राष्ट्रांचे जमले की मालक-मजुरांचेही जमले, अशी ही पायरीपायरीने केलेली हातचलाखी आहे.

बोलपटाच्या नावातच एक उपरोध दडलेला आहे. ‘गंग हो’ हा शब्द जपानी नव्हे, इंग्रजीही नव्हे. जपानी आक्रमणाच्या काळात चीनमध्ये १९३८ साली औद्योगिक सहकारी संस्थांची जी चळवळ सुरू झाली, तिच्या चिनी नावाचे ते संक्षिप्त रूप होय. इव्हान्स कार्लसन या अधिकाऱ्याने ते अमेरिकेच्या मरीन दलात घोषवाक्य म्हणून आणले आणि तेथून ते ‘उत्साहाने भारलेला’ या अर्थी रूढ झाले. कामगारांनी स्वतःच चालविलेल्या कारखान्यांचा वाचक असलेला शब्द, ज्या कथेत मजूरसंघालाही जागा नाही तिचे शीर्षक व्हावा, हे त्या कथेच्या विस्मरणशीलतेचे चांगलेच द्योतक आहे.

या विस्मरणास त्या काळी शास्त्राचाही आधार मिळाला होता. गीर्त हॉफ्स्टेड या डच संशोधकाचा ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. आयबीएम या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून सुमारे १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर तो आधारलेला आहे. व्यक्तिवाद, सत्तेतील अंतर इत्यादी मोजमापांनी त्याने राष्ट्राराष्ट्रांतील फरक आकड्यांत मांडले. ग्रंथाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना राष्ट्राची सरासरी व्यक्तीला लावू नये, असा इशारा खुद्द हॉफ्स्टेडने देऊन ठेवला आहे. परंतु त्याच्या अनुयायांनी आकडे उचलले आणि इशारा मागे ठेवला. एका राष्ट्राचा गुणांक ठाऊक असला म्हणजे त्या राष्ट्राचा माणूस कळला, अशी समजूत प्रशिक्षणवर्गांतून पसरली.

‘अमेरिकन फॅक्टरी’त असा एक वर्ग प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. चिनी कामगारांना अमेरिकन माणसाचा स्वभाव समजावून सांगितला जातो. त्याला लहानपणापासून स्तुतीची सवय असते. गाढवाला कुरवाळावयाचे तर केसांच्या दिशेनेच हात फिरवावा लागतो, असा उपदेश त्यांना मिळतो. प्रेक्षक हसतो आणि आपण दुसरा ‘गंग हो’ पाहत आहोत असे क्षणभर त्याला वाटते. फूजियान प्रांतातील मुख्य कारखान्यास अमेरिकन पर्यवेक्षक भेट देतात, तेथील मजुरांच्या लष्करी थाटाच्या रांगा पाहतात आणि परत आल्यावर आपल्या मजुरांकडून तसेच काही करवून घेण्याचा केविलवाणा प्रयत्न करतात. तोही प्रसंग हास्यकारकच आहे.

परंतु हा अनुबोधपट तेथे थांबत नाही. जनरल मोटर्समध्ये तासाला २९ डॉलरांहून अधिक मिळविणारी एक स्त्री-कामगार आता तासाला १२.८४ डॉलरांवर काम करते, हे ती स्वतःच सांगते. भट्टीपाशी काम करणाऱ्या एका चिनी व एका अमेरिकन कामगारामध्ये खरा स्नेह जुळतो. एकमेकांची भाषा धड येत नसतानाही ते एकमेकांस काम शिकवितात. घरादारापासून दूर राहिलेल्या चिनी कामगाराच्या एकाकीपणाचे चित्रण तर अत्यंत सहृदय आहे. म्हणजे जेथे दोन माणसे एकाच पातळीवर उभी आहेत, तेथे संस्कृतिभेद हा अडथळा ठरलेला नाही. अडथळा येतो तो वेतन, सुरक्षितता आणि मजूरसंघ या विषयांपाशी.

येथेच या कृतीने आपल्या अभ्यासास सर्वांत मोलाचा पुरावा दिला आहे. मजूरसंघाच्या प्रश्नावर कारखान्यात जी फळी पडते, ती चीन आणि अमेरिका यांच्यामधून जात नाही. उद्घाटनाच्या समारंभात सिनेटर शेरॉड ब्राऊन मजूरसंघाच्या बाजूने बोलतात, तेव्हा प्रथम संतापतो तो अमेरिकन व्यवस्थापकच. मजुरांनी संघ स्थापू नये म्हणून कंपनी ज्या सल्लागारांना मोठा मोबदला देते, तेही अमेरिकनच आहेत. किंबहुना हा सल्ल्याचा धंदाच अमेरिकेत वाढलेला आहे. इकडे चीनमधील मुख्य कारखान्यात संघटना आहे. परंतु चित्रीकरणाच्या काळी तिचा प्रमुख हा कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष त्साव दवांग यांचा मेहुणा असून तोच कंपनीतील पक्षशाखेचा चिटणीसही होता. अखेर २०१७ च्या नोव्हेंबरात मतदान झाले. संघाच्या बाजूने ४४४ व विरुद्ध ८६८ मते पडली. मत देणारे मजूरच परस्परांत विभागले गेले होते. ज्याला संस्कृतिभेद म्हटले गेले, त्याच्या तळाशी सत्तेच्या वाटणीचा प्रश्न होता, हे या आकड्यांवरून उघड होते.

अनुबोधपट सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नाही. फूजियानमधील समारंभाची दृश्ये त्याने अशा रीतीने योजिली आहेत की, ती शिस्त चिनी माणसाच्या रक्तातच आहे असे अमेरिकन प्रेक्षकाने समजावे. ज्या व्यवस्थेत मजुराला स्वतंत्र संघटना करताच येत नाही, त्या व्यवस्थेने ही शिस्त घडविली आहे. हा दुवा प्रेक्षकास स्वतःच जोडावा लागतो. तरीही अखेरीस त्साव यांच्या तोंडून जे आत्मचिंतन ऐकू येते, त्याने या चित्राला खोली आली आहे. आपण समाजाचे कल्याण केले की अपराध केला, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. ‘गंग हो’च्या साकामोतोला असा प्रश्न पडणे शक्यच नव्हते, कारण त्या बोलपटाच्या लेखी तो व्यक्ती नसून राष्ट्रस्वभावाचा पुतळा होता.

या दोन कृतींची पारख करण्यास इतिहासाने एक तिसरे उदाहरणही पुरविले आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी आणि संपांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ च्या अखेरीस टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या ‘नम्मी’ या संयुक्त कंपनीने तेथे पुन्हा उत्पादन सुरू केले. मजूर बहुतांशी तेच होते आणि ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ ही संघटनाही तीच होती. ‘गंग हो’ पडद्यावर आला तेव्हा हा प्रयोग चालू होऊन सव्वा वर्ष झाले होते. गैरहजेरी झपाट्याने घटली आणि मोटारींचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळपास पोहोचला. हे मजूर दोन वर्षांत जपानी झाले काय? मुळीच नाही. करारात असे कलम होते की, कंपनीच्या अस्तित्वावरच संकट आल्याखेरीज मजुरांना कमी करावयाचे नाही, आणि तत्पूर्वी व्यवस्थापकांचे वेतन कापावयाचे. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा मजुरांना घरी न पाठविता प्रशिक्षण देण्यात आले. दोष आढळताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार साध्या मजुराला मिळाला. नियम बदलले, वचन पाळले गेले, आणि त्यापाठोपाठ ‘स्वभाव’ बदलला.

अर्थात नम्मी हा स्वर्ग नव्हता. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी १९८८ सालीच या पद्धतीला तणावावर चालणारे व्यवस्थापन ठरविले होते आणि कामाच्या वाढत्या वेगाकडे लक्ष वेधले होते. पुढे जनरल मोटर्सने अंग काढून घेतल्यावर २०१० मध्ये हा कारखानाही बंद झाला. परंतु आपल्या मुद्द्यास त्याने बाध येत नाही. कारखान्यातील वर्तन हे मुख्यत्वे तेथील नियमांचे फळ असते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

मराठी अभ्यासकाला हे सहज पटावे. कारण आपला ‘संस्कृती’ हा शब्दच मुळी ‘कृ’ धातूपासून आलेला आहे. संस्कृती ही केलेली, घडविलेली गोष्ट आहे. कोणी घडविली, कोणत्या परिस्थितीत घडविली आणि तिचा भार कोणावर पडला, हे प्रश्न त्या शब्दाच्या व्युत्पत्तीतच सुचविलेले आहेत. इंग्रजी ग्रंथांतून परत आलेला ‘संस्कृतिभेद’ मात्र हे प्रश्न मिटवून टाकतो आणि घडविलेल्या वस्तूला जन्मजात गुणाचे रूप देतो.

हा विचार केवळ दूरदेशीचा नाही. पुण्याजवळ तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबले आणि २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला. हेडलीव्हिल, मोरेन, फ्रीमाँट या मालिकेत आपलेही एक गाव आता जमा झाले आहे. त्याविषयी उद्या कथा, कादंबऱ्या, प्रबंध लिहिले जातील. कोरियन शिस्त आणि मराठी बाणा यांच्या गमतीदार झटापटीचे चित्र त्यांत रंगविणे फार सोपे आहे. त्या मोहास बळी पडण्यापूर्वी लेखकाने आणि समीक्षकानेही जुन्या कामगारांचे काय झाले, नवा करार कोणी कोणाशी केला आणि काम थांबविण्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हे विचारावयास हवे. रीतीभातींचे वर्णन त्यानंतर खुशाल करावे. ते तेव्हाच अर्थपूर्ण होईल. एवढे ध्यानी आले तरी प्रस्तुत विवेचनाचा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.