सोवळ्यापासून समेटापर्यंत : टिळक दांपत्याच्या लेखनातील ख्रिस्ती उपासनेची पूर्वतयारी

प्रस्तावना :

ईश्वराच्या सन्मुख जाण्यापूर्वी भक्ताने स्वतःला सिद्ध केले पाहिजे, ही जाणीव बहुतेक सर्व धर्मपरंपरांत आढळते. स्नान, उपवास, मौन, वस्त्रांतर, पापांचा उच्चार असे या सिद्धतेचे नाना प्रकार आहेत. तथापि ही सिद्धता नेमकी कशाची, शरीराची, अंतःकरणाची की माणसामाणसांतील नात्याची, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक परंपरेत सारखे नाही. किंबहुना एकाच परंपरेतही ते काळानुसार बदलत गेलेले दिसते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण या साहित्याच्या निर्मात्यांपैकी काही जण सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढले आणि पुढे ख्रिस्ताच्या उपासनेकडे वळले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ही या संक्रमणाची दोन ठळक उदाहरणे होत.

टिळकांच्या ख्रिस्ती कवितेची चर्चा बहुधा एकाच अंगाने होते. अभंग, ओवी, कीर्तन या देशी रूपांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती व्यक्त केली, ख्रिस्ती धर्माला मराठी पेहराव दिला, असे सांगून ही चर्चा थांबते. हे मत चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. रूप देशी झाले म्हणजे आशय तोच राहिला, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात टिळकांची भक्तिपर रचना आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांतील उपासनेच्या पूर्वतयारीची कल्पना तपासून, या दोन्ही लेखनांनी ती कोठवर नेली आणि कोठे अपुरी ठेवली, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वतयारीची बायबलमधील संकल्पना :

जुन्या करारात उपासनेची तयारी प्रथम बाह्य शुद्धीच्या रूपात दिसते. निर्गमाच्या पुस्तकात सीनाय पर्वतापाशी देवाचे दर्शन होण्यापूर्वी लोकांना कपडे धुऊन शुद्ध होण्याची आज्ञा होते. मात्र त्याच करारात या बाह्य शुद्धीची मर्यादाही सांगितलेली आहे. स्तोत्रसंहितेतील चोविसावे स्तोत्र देवाच्या पर्वतावर कोणी चढावे असे विचारून हातांच्या आणि हृदयाच्या निर्मळतेकडे बोट दाखवते. एकावन्नावे स्तोत्र भग्न अंतःकरणाला यज्ञबलीपेक्षा श्रेष्ठ मानते. यशया संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात सण, यज्ञ आणि प्रार्थना देवाला नकोशा झाल्याचे सांगून शुद्ध होण्याचा अर्थ अनाथाला न्याय देणे आणि विधवेची बाजू घेणे असा लावलेला आहे.

नव्या करारात हा विचार अधिक धारदार होतो. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री उपासनेच्या योग्य स्थळाविषयी प्रश्न उपस्थित करते, तेव्हा येशू स्थळाचा वाद बाजूला सारून आत्म्याने व खरेपणाने केलेल्या उपासनेविषयी बोलतो. विशेष म्हणजे हा संवाद विहिरीवर, एका यहुद्याने शोमरोनी बाईजवळ पाणी मागण्यातून सुरू होतो, आणि त्या मागण्याचेच तिला नवल वाटते. मराठी वाचकाला या प्रसंगातील पाण्याचा आणि विटाळाचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात याहून कठोर सूचना आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे याचे स्मरण झाले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी त्या भावाशी समेट करावा आणि मग परत यावे. येथे पूर्वतयारीचे ठिकाणच बदलते. ती देवळाच्या पायरीवर किंवा भक्ताच्या मनात पुरी होत नाही. तिच्यासाठी भक्ताला उलट पावली गावात जावे लागते. शिवाय भावाच्या मनातील तक्रार प्रमाण मानली आहे, भक्ताला स्वतःविषयी काय वाटते ते नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे असे सांगितले आहे. पुढील काळात या वचनाचा अर्थ पुष्कळदा एकांतातील पापचिंतन एवढाच केला गेला. मूळ संदर्भ मात्र निराळा आहे. त्या मंडळीत एकत्र भोजनाच्या वेळी काही जण आधीच खाऊन तृप्त होत आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहत. या अन्यायावर बोट ठेवल्यानंतर आत्मपरीक्षणाची सूचना येते. म्हणजे हे आत्मपरीक्षण पंक्तीतील वागणुकीचे परीक्षण आहे.

टिळकांची भक्तिपर रचना :

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नव्या कराराच्या वाचनात डोंगरावरील प्रवचनाने त्यांना विशेष ओढून घेतले होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना प्रसिद्धच आहे. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे काम करताना त्यांनी मंडळीच्या उपासनेसाठी विपुल पदे रचली. आजही प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या अभंगांचा संग्रह ‘अभंगांजली’ या नावाने प्रसिद्ध आहे.

या रचनांत भक्ताची तयारी मुख्यतः तीन अवस्थांतून व्यक्त होते. पहिली अवस्था अपात्रतेच्या जाणिवेची. भक्त आपले ज्ञान, कुळ किंवा पुण्य पुढे करीत नाही. तो रिकाम्या हातांनी येतो. दुसरी अवस्था आर्ततेची. ख्रिस्त जितका लाभावा तितकी त्याची ओढ वाढते, असा विरहभाव येथे आहे. तिसरी अवस्था समर्पणाची, ज्यात भक्ताचे ‘मीपण’ गळून पडावे अशी प्रार्थना असते. ख्रिस्ताला गुरू आणि माउली या दोन्ही नात्यांनी संबोधणे हे या तिन्ही अवस्थांना जोडणारे सूत्र होय.

येथे एक तात्त्विक ताण उद्भवतो. टिळक ज्या प्रॉटेस्टंट परंपरेत आले, तिच्यात तारण केवळ कृपेने मिळते, मनुष्याच्या कोणत्याही कृतीने नव्हे, असा सिद्धान्त आहे. मग पूर्वतयारीला अर्थ काय? तयारीने पात्रता येत असेल तर कृपेची गरज उरत नाही, आणि तयारी निरर्थक असेल तर पश्चात्तापाची हाक पोकळ ठरते. टिळकांनी हा पेच तर्काने सोडवला नाही. अभंगाच्या परंपरेने तो त्यांच्यासाठी बऱ्याच अंशी सोडवून ठेवला होता. वारकरी संतांच्या वाणीत आपल्या उणेपणाची कबुली हीच देवाच्या कृपेला दिलेली साद असते. तेथे चित्तशुद्धी ही देवाकडे मागायची गोष्ट आहे, त्याला दाखवायचे प्रमाणपत्र नाही. टिळकांनी हे वळण उचलले. त्यामुळे त्यांच्या पदांत तयारी आणि उपासना असे दोन टप्पे वेगळे राहत नाहीत. तयार नसल्याची कबुली देणे हीच उपासनेची सुरुवात होते. लूकच्या शुभवर्तमानातील परुशी आणि जकातदार यांच्या दृष्टान्ताचा गाभाही हाच आहे. म्हणून टिळकांचा अभंग हा केवळ पेहराव नव्हता. त्या रूपाने त्यांना एका धर्मशास्त्रीय अडचणीतून वाट काढून दिली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

असे असले तरी या रचनांची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांतील प्रधान संबंध भक्त आणि ख्रिस्त या दोघांपुरता आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तो भाऊ, ज्याच्याकडे अर्पण सोडून जावयाचे आहे, तो या आर्त पदांत फारसा पुढे येत नाही. टिळकांना त्याचे विस्मरण झाले होते असा याचा अर्थ नव्हे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. रूढ मंडळीत बाप्तिस्मा हे प्रभुभोजनात सहभागी होण्याचे प्रवेशद्वार मानले जाई, हे लक्षात घेता हा प्रयोग किती धाडसाचा होता याची कल्पना येते. मात्र १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग पुरता रुजण्याआधीच पोरका झाला. त्यांच्या कृतीतील हा भाऊ त्यांच्या पदांत मात्र अस्पष्ट राहिला.

‘स्मृतिचित्रे’ : सोवळ्याचा त्याग हीच पूर्वतयारी :

ही उणीव लक्ष्मीबाईंच्या गद्याने भरून निघते. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात क्रमशः चार भागांत प्रसिद्ध झाली. तिची सुरुवातच सोवळ्यापासून होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे बाहेरून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेले होते आणि त्याचा जाच साऱ्या घराने सोसला. लक्ष्मीबाई हे सर्व विनोदाच्या अंगाने सांगतात. पण त्या विनोदातून एक गंभीर गोष्ट स्पष्ट होते. जी शुद्धी देवाजवळ नेण्यासाठी होती, तिने घरातील माणसांनाच एकमेकांपासून दूर केले.

टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपूरला गेला. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे, स्वयंपाक आणि पाणी निराळे ठेवले. पुढे त्यांच्या मनात विचार सुरू झाला की जातिभेद देवाने केला की माणसाने? तो माणसाने केला, अशी खात्री पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला.

हा क्रम समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला म्हणून जात सोडली, असे घडले नाही; जात आधी सुटली आणि बाप्तिस्मा मागाहून आला. डोंगरावरील प्रवचनातही समेट आधी आणि अर्पण नंतर, हाच क्रम आहे. लक्ष्मीबाई या वचनाचे विवरण करीत बसत नाहीत. त्या पाण्याविषयी, चुलीविषयी, भांड्यांविषयी, घरी आसरा घेतलेल्या मुलांविषयी लिहितात. तरीही खरेपणाने करावयाच्या उपासनेची पूर्वतयारी म्हणजे काय, याचे मराठीतील इतके मूर्त चित्रण क्वचितच आढळेल. पदांतील ‘मीपण’ येथे स्वयंपाकघरात उतरते. आणि ते सोडणे किती अवघड असते हेही तेथेच कळते.

मात्र ‘स्मृतिचित्रे’लाही एक मर्यादा आहे. सोवळे सोडण्याची ही कहाणी ते पाळणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. ज्याच्या हातचे पाणी वर्ज्य होते, त्या माणसाच्या मनात काय होते, हे येथे फारसे ऐकू येत नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांत दलित समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने उपासनेची पूर्वतयारी हा सोवळे सोडण्याचा प्रश्न नव्हता. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले त्याच्याशेजारी एका पंक्तीला बसण्याचा प्रश्न होता. मत्तयाच्या वचनात भावाच्या मनातील तक्रार प्रमाण आहे. त्या कसोटीला ही कहाणी अर्धीच ठरते. हा दोष लक्ष्मीबाईंच्या प्रामाणिकपणाचा नव्हे. उरलेली बाजू ज्यांची आहे त्यांनीच ती सांगावयाची असते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकाने तिचा शोध घेणे मात्र आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. बायबलमधील उपासनेची पूर्वतयारी बाह्य शुद्धीकडून अंतःकरणाकडे आणि तेथून शेजाऱ्याशी समेटाकडे जाते. आत्मपरीक्षणाचा अर्थ केवळ पापचिंतन असा करणे करिंथकरांस लिहिलेल्या पत्राच्या संदर्भाशी सुसंगत नाही.

२. टिळकांच्या अभंगरचनेत अपात्रतेची कबुली हीच उपासनेचा आरंभ बनते. कृपा आणि साधना यांतील ताण हाताळण्यास अभंगाची परंपरा त्यांना साहाय्यभूत ठरली. म्हणून या रचनेचे मूल्यमापन केवळ ‘देशीकरण’ या संज्ञेने होऊ शकत नाही.

३. पदांत अस्पष्ट राहिलेला ‘भाऊ’ लक्ष्मीबाईंच्या गद्यात पाणी आणि अन्न यांच्या रूपाने समोर येतो. या दोहोंचे वाचन एकत्र झाले तरच टिळक दांपत्याच्या ख्रिस्तभक्तीचा पूर्ण आशय हाती लागतो.

४. हे दोन्ही लेखन सवर्ण घरातून आलेले आहे. उपासनेच्या पूर्वतयारीचा मराठी इतिहास दलित ख्रिस्ती अनुभवाच्या अभ्यासाशिवाय पूर्ण होणार नाही.

टिळकांची पदे आजही मंडळीत उपासनेच्या आरंभी गायिली जातात. ती गाताना आपल्या पंक्तीत कोण आहे आणि कोण नाही, हा लक्ष्मीबाईंच्या गद्याने पुढे आणलेला प्रश्न गाणाऱ्याच्या मनात यावा, हीच त्या पदांची उरलेली पूर्वतयारी म्हणावी लागेल.