बेसावध माणूस, सावध कॅमेरा

मुंबईच्या रस्त्यावरील छायाचित्रणाला अलीकडे एका साच्याने ग्रासले आहे: भिंतीवर उन्हाचा पट्टा, त्यातून जाणारी एक काळी आकृती आणि उरलेल्या चौकटीत दाट अंधार. समाजमाध्यमांवर अशा चित्रांची रास पडते, त्यांची वाहवा होते आणि त्या आकृतीला चेहरा नाही याचे कोणालाच काही वाटत नाही. रस्त्यावरचे छायाचित्रण मुळात ‘कँडिड’ असते, आणि ‘कँडिड’ म्हणजे समोरच्याला पोझ द्यायला न लावता, तो आपल्या नादात असताना टिपलेले छायाचित्र. ज्या प्रकाराची सारी मातब्बरी माणसाच्या सहज वावरावर उभी आहे, त्यातून माणूसच गळून पडावा, ही या कलेची आजची अवस्था आहे.

छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ मधील पुस्तकाने रूढ केलेली ‘निर्णायक क्षणा’ची कल्पना, म्हणजे हालचाल आणि रचना एकाच निमिषात जुळून येण्याची कल्पना, अनुयायांनी केवळ भूमितीपुरती उचलली. उलट, रघुबीर सिंह यांच्या ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ (१९९४) या रंगीत चित्रसंग्रहात काचा आणि आरसे रस्त्याचे तुकडे पाडतात, तरी त्या दाटीत जो तो आपापल्या उद्योगासकट ओळखू येतो, केतकी शेठ यांच्या ‘बॉम्बे मिक्स’मधील कृष्णधवल चित्रेही माणसांना सोडून शहराकडे धावत नाहीत. पावसातल्या छत्र्या, डबेवाले आणि मरीन ड्राइव्हवरची जोडपी कॅलेंडरला शोभतात, त्यांची अधिक चर्चा करण्याचे कारण नाही.

विस्ताराने विचार व्हावा असे काम सुधारक ओलवे यांचे आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरील त्यांच्या कृष्णधवल मालिकेत मैलापाण्यात उतरलेले शरीर, कचरा उपसणारे उघडे हात आणि अंगाला चिकटलेली घाण इतक्या जवळून दिसते की पाहणाऱ्याला रचनेचे कौतुक करण्याची सवडच मिळत नाही. शिवाय ही मालिका गटारापाशी न थांबता कामगाराच्या वस्तीत आणि घरात शिरते. अशी चित्रे चोरपावलांनी येऊन घेता येत नाहीत, त्यांच्यामागे येणे-जाणे आणि विश्वास लागतो. परिचयाने सहजता नासते, हा कँडिडच्या कैवाऱ्यांचा लाडका सिद्धांत या एकाच मालिकेने निकालात काढला आहे, कारण कॅमेऱ्याची सवय झालेला माणूसच त्याच्यासमोर खऱ्या अर्थाने आपल्या कामात राहू शकतो.

चोरून टिपणे आणि विश्वासाने टिपणे यांतला हा फरक रेल्वेतील छायाचित्रणातही दिसतो. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले आणि त्यांचे पुस्तक १९६६ मध्ये निघाले. अनुश्री फडणवीस यांनी ‘ट्रेन डायरीज’मध्ये मुंबई लोकलच्या महिला डब्यातल्या सहप्रवासिनी टिपल्या आणि छायाचित्रांसोबत त्यांच्या हकिकतीही दिल्या. पहिल्या कामाचा दबदबा मोठा असला, तरी अनुकरण दुसऱ्या कामाचे व्हायला हवे.

हा केवळ शैलीचा वाद नाही. मुंबई-पुण्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी कामाची वाट पाहत उभा असलेला माणूस पुष्कळदा मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून ‘जगायला’ गेलेला असतो. १९७२ च्या दुष्काळाने अशी कितीतरी कुटुंबे मुंबईला नेली. कलादालनात ज्याला अनाम आकृती म्हणून दाद मिळते, तो लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यातल्या कोणाचा तरी चुलता किंवा मेहुणा असू शकतो. लातूरच्या रेणापूर नाक्यावर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावून हात जोडणाऱ्या तरुणाला शहरी रसिक हसतात; परंतु आपला चेहरा कसा दिसावा हे तिथे त्या तरुणाने स्वतः ठरवलेले असते, आणि एवढा अधिकारही अड्ड्यावरच्या मजुराला छायाचित्रकार देत नाही.

म्हणून रस्त्यावरील छायाचित्राची कसोटी क्षण किंवा प्रकाश ही नसून, चित्रातल्या माणसाला ते चित्र आपल्या जगण्याचा पुरावा म्हणून चारचौघांत पुढे करता येईल का, ही असली पाहिजे. सफाई कामगाराला ओलव्यांचे चित्र मागण्यांच्या मोर्चात धरता येते. उन्हाच्या पट्ट्यातली काळी आकृती कोणालाच आपली म्हणून धरता येत नाही. या कसोटीने बरीचशी नावाजलेली चित्रे बाद होणार असतील, तर ती खुशाल बाद व्हावीत: ज्याला माणसाशी दोन शब्द बोलायचे नाहीत, त्याने भिंतींची छायाचित्रे काढावीत, कारण भिंतीला संमती विचारावी लागत नाही.