टेकलेली शेपटी

इन्विक्टाचा टायरॅनोसॉरस आधी शेपटीकडून बघावा. कमरेतून जाडजूड उतरत आलेली ही शेपटी जमिनीला टेकते आणि दोन पायांच्या जनावराला तिसरा आधार देते. पाठ उभी, मान वर, छातीपाशी आखडून धरलेले बारके हात. जेमतेम वीतभर उंचीची ही प्रतिकृती एकाच रंगाच्या प्लास्टिकमध्ये ओतलेली आहे. डोळ्यात बुबुळाचा ठिपका नाही, दातांवर पांढरा हात मारलेला नाही, जिभेला लाली नाही. जे सांगायचं ते सगळं आकारातूनच सांगितलंय: मांडीचा फुगीरपणा, गुडघ्यापाशी पडलेल्या वळ्या, कातडीवरच्या सुरकुत्या. उजेड बाजूने आला की या सुरकुत्या उठून दिसतात आणि रंगाची उणीव भासत नाही. पुढे याच साच्यांतून रंगवलेल्या प्रतिकृतीही निघाल्या. पण माझ्या मते रंग चढला आणि शिल्प थोडं झाकलं गेलं.

इन्विक्टा प्लास्टिक्स ही इंग्लंडमधल्या लेस्टरजवळची कंपनी. रंगीत खुंट्यांचा ‘मास्टरमाइंड’ हा खेळ तिने जगभर पोचवला. १९७४ पासून तिने लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयासाठी डायनासोर आणि इतर लुप्त प्राण्यांच्या प्रतिकृती काढल्या. ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस, डिप्लोडोकस, ब्रॅकिओसॉरस, इग्वानोडॉन, मेगॅलोसॉरस, केसाळ मॅमथ असा हा ताफा. डायनासोरांचं माप साधारण एकाला पंचेचाळीस. माप एकच असल्यामुळे ब्रॅकिओसॉरसशेजारी टायरॅनोसॉरस ठेवला की कोण कुणाच्या खांद्याला लागेल, हे पोरालाही न सांगता कळतं. आणि खालच्या अंगाला जनावराचं नाव, संग्रहालयाचं नाव, साल. या कोरलेल्या ओळीमुळे खेळणं हे विधान होतं: अमुक साली, अमुक संस्थेच्या जाणकारांच्या मते हे जनावर असं होतं.

१९९० च्या दशकात ही मालिका बंद झाली. तेव्हापासून ती फक्त जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळते, आणि हाती आली तरी शिंग मोडलेली किंवा अंगावर कुणा पोराच्या दातांचे व्रण असलेली. मालिका बंद झाल्याची हळहळ अजून गेलेली नाही. ‘जुनं गेलं म्हणून दुःख’ एवढ्यावर या हळहळीची बोळवण करता येत नाही. बाजारात आज डायनासोरांची कमी नाही, उलट शरीररचनेच्या दृष्टीने आजचे कितीतरी अचूक आहेत. मग गेलं काय?

त्याचं उत्तर टेकलेल्या शेपटीत आहे. बार्नम ब्राऊन यांना १९०२ मध्ये मोंटानात टायरॅनोसॉरसचा सांगाडा सापडला, १९०५ मध्ये हेन्री ऑसबर्न यांनी त्याला नाव दिलं आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात या जातीचा सांगाडा ताठ उभा केला गेला, शेपटी जमिनीवर ठेवून. पन्नास-साठ वर्षं पुस्तकांनी, चित्रांनी, सिनेमांनी हाच पवित्रा गिरवला. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकसवरचं काम प्रसिद्ध केलं आणि चपळ, शेपटी मागे ताठ धरून धावणारा डायनासोर समोर आला. १९७० मध्ये न्यूमन यांनी लंडनच्या याच संग्रहालयातल्या हाडांवर काम करून लिहिलं की टायरॅनोसॉरसचं अंग पक्ष्यासारखं पुढे झुकलेलं असलं पाहिजे. त्यानंतर चार वर्षांनी निघालेली इन्विक्टाची प्रतिकृती मात्र अजून उभीच. कागदावरचा विचार साच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ही प्रतिकृती नेमक्या त्या मधल्या काळातली आहे. जुना राजा अजून सिंहासनावर आहे आणि त्याला उठवणारा युक्तिवाद छापून झालेला आहे. आजचा कारागीर कितीही कुशल असला तरी ती शेपटी तशी टेकवू शकणार नाही. टेकवली तर ती जुन्या धर्तीची नक्कल होईल. १९७४ च्या हाताने ती विश्वासाने टेकवली होती. तो विश्वास आता कुठल्याच साच्यात ओतता येत नाही.

विदर्भात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी निवडताना जाणता माणूस रंगरंगोटीला भुलत नाही. वशिंड खांद्यावर नीट बसलंय का, मान कुठून उचलली आहे, चारही पायांवर भार सारखा आहे का, ते पाहतो. डायनासोरची प्रतिकृतीही याच नजरेने पारखावी. भार कुठे पडलाय हे बघावं. इन्विक्टाच्या टायरॅनोसॉरसचा भार टाचांवर आणि शेपटीच्या मुळाशी आहे, त्यामुळे तो थांबलेला वाटतो. आजच्या प्रतिकृतीचा भार बोटांवर असतो, म्हणून ती निघालेली वाटते. थांबलेल्या जनावरात एक दबदबा असतो, निघालेल्यात वेग. रसिकाला दोन्ही हवेत. कंपनी मात्र एक बंद करून दुसरं काढते.

भार कुठे पडतो याचा आणखी एक पुरावा विदर्भातल्या रिसोडचा मे महिना देतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की मऊ प्लास्टिकच्या नव्या प्रतिकृतींचे घोटे सैल होतात. शेपटी हवेत, सगळं वजन दोन पावलांवर. दुपारभरात जनावर पुढे कलतं आणि संध्याकाळी नाकावर पडलेलं असतं. मग त्याचे पाय गरम पाण्यात बुडवायचे, मऊ झाले की सरळ करायचे आणि तसेच धरून लगेच गार पाण्यात घालायचे. संग्राहकांचा हा सर्वत्र चालणारा उपाय आहे, पण इथे तो उन्हाळाभर पुन्हा पुन्हा करावा लागतो. काही कंपन्या हल्ली आधाराला पारदर्शक काडी देतात. इन्विक्टाचा टायरॅनोसॉरस या सगळ्यात तिवईसारखा पक्का उभा राहतो. शास्त्राने जी शेपटी चुकीची ठरवली, तिनेच खेळण्याला तोल दिला. वस्तू घडवणाऱ्याने पदार्थाचा धर्म ओळखला होता, ही या प्रतिकृतीतली दुसरी खोली.

दुसरी मोठी हळहळ २०१५ ची. अमेरिकेच्या सफारी कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या नावाने १९८८ पासून चालवलेली ‘कार्नेगी कलेक्शन’ ही मालिका त्या वर्षी थांबली. माप एकाला चाळीस, हाताने रंगवलेली, संग्रहालयाच्या जाणकारांनी तपासलेली. पिट्सबर्गला अशा मालिकेचा हक्क होता. ब्राऊन यांना सापडलेला १९०२ चा तो मूळ सांगाडा १९४१ पासून तिथेच आहे. या मालिकेतली बहुतेक शिल्पं फॉरेस्ट रॉजर्स या एकाच शिल्पकर्तीच्या हातची. सुरुवातीच्या प्रतिकृती आणि अखेरच्या प्रतिकृती शेजारी मांडल्या तर एक हात कसा शिकत गेला हे दिसतं. आधीचे पाय खांबासारखे, नंतरच्या पायांत स्नायू उलगडलेले. आधीची कातडी सरसकट खवल्यांची. १९९६ मध्ये चीनमधला पिसांचा सायनोसॉरॉप्टेरिक्स जाहीर झाला आणि पुढे या मालिकेतही पिसं आली. सत्तावीस वर्षं एक माणूस एका विषयाकडे पाहत राहिला, त्याची ही नोंद आहे. मालिका थांबली तेव्हा प्रतिकृतींचा पुरवठा तर थांबलाच, पण ही वाढही मध्येच खुंटली. पुढची ओळ लिहिलीच गेली नाही. संग्राहक हळहळतो तो त्या पुढच्या ओळीसाठी.

आपल्याकडे ही भावना अनोळखी नाही. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे ते इवलेसे प्लास्टिकचे प्राणी आठवणारी पिढी अजून आहे. पेस्ट संपण्याआधी नवा खोका घ्यायला लावणारे ते हत्ती-हरणं एक दिवस यायचे थांबले, आणि ज्यांनी ते डबीत जपले त्यांच्याकडे आज मोठी माणसंही हात पुढे करून बघायला मागतात. तालुक्याच्या गावात तर एखादी वस्तू बंद झाल्याचं कळायलाही वेळ लागतो. दुकानदार आधी ‘पुढच्या खेपेला’ म्हणतो, मग ‘वरूनच येत नाही’ म्हणतो, आणि काही महिन्यांनी त्या जागी दुसरंच काही लटकलेलं असतं. अलीकडे त्यात धोरणाची भर पडली. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झालं, २०२३ मध्ये सत्तर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचं चिन्ह सक्तीचं झालं. पोरांच्या तोंडात जाणारी वस्तू तपासलेलीच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण विदेशी मालिकेतली एखादी प्रतिकृती मागवणं रिसोडच्या माणसाला आता फार महाग पडतं, त्यामुळे तिकडे चालू असलेली मालिकाही इकडे जवळपास बंद असल्यासारखीच.

म्हणूनच या हळहळीतून काही घडायला हवं, आणि ते विदर्भात घडायला हवं. रिसोडच्या काळ्या मातीखाली जो काळा पाषाण आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, डायनासोरांच्या अखेरच्या काळातला. लोणारचं विवर याच पाषाणात पडलेलं. पूर्वेला चंद्रपूर जिल्ह्यात हा थर विरळ होतो आणि त्याच्याशी निगडित गाळाचे खडक उघडे पडतात. तिथल्याच पिसदुऱ्याहून स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच जीवाश्म गोळा केले होते. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांना १९८० च्या दशकात एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याची स्वतंत्र प्रजाती ठरवून संस्थेच्या नावावरून आयसिसॉरस हे नाव दिलं. २०२३ मध्ये ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ या टीव्ही मालिकेत दख्खनच्या लाव्ह्याच्या प्रदेशातून चालणारे आयसिसॉरस जगाने पाहिले. ते चंद्रपूरच्या पोराच्या हातातही असायला हवेत.

त्याची लांबी साधारण अठरा मीटर धरतात. एकाला चाळीसच्या मापात ती पंचेचाळीस सेंटिमीटर होते, म्हणजे हातभर. दंडाचं हाड जवळपास दीड मीटरचं, प्रतिकृतीत पावणेचार सेंटिमीटरचं. हा लांब पुढचा पाय हेच या जनावराचं वेगळेपण, आणि शिल्पकाराची परीक्षाही तिथेच लागेल: खांदा उंच, भार पुढच्या पायांवर, पाठ मागे उतरती. शेपटी अर्थातच हवेत, आणि तिचा तोल सावरायला चार भक्कम पाय आहेत, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते पडणारही नाही. त्या सांगाड्याबरोबर कवटी मिळालेली नाही. डोकं जवळच्या नात्यातल्या डायनासोरांवरून घडवावं लागेल, आणि तसं वेष्टनावर स्पष्ट छापावं.

नागपूरच्या एखाद्या संग्रहालयाने एखाद्या भारतीय खेळणी उत्पादकाला हाताशी धरून हे काम अंगावर घ्यावं. खालच्या अंगाला तीन गोष्टी कोराव्यात: जनावराचं नाव, डोंगरगाव, आणि साल. नाव पुढे बदलू शकतं, ते एकदा बदललेलं आहेच. कवटी सापडली तर डोकं चुकलेलं ठरेल, साचा बाद होईल आणि जुनी प्रतिकृती बंद पडेल. तसं व्हायलाच हवं, कारण त्याचा अर्थ विदर्भातल्या खडकांत कुणी तरी अजून शोधत आहे. तेव्हा जे हळहळतील त्यांनी जुनी प्रतिकृती नव्या शेजारी ठेवावी आणि पोरांना दोन्ही डोकी दाखवावीत. आपल्याला काय ठाऊक होतं आणि काय ठाऊक झालं, हे शिकवायला इतकं चांगलं साधन दुसरं नाही.